अलेक्झांड्रियाचे मागचे दार

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात प्राचीन कल्याण बंदरावर माझा लेख आला होता. त्यात एक वाक्य होते : 'कल्याणच्या खाडीतून निघालेले गलबत महिनोन्‌महिने प्रवास करून शेवटी अलेक्झांड्रियाच्या दीपगृहाचा उजेड पाही आणि त्या बंदरात नांगर टाकी.' वाक्य लोकांना आवडले. एका शाळेच्या इतिहास-प्रदर्शनात ते मोठ्या अक्षरांत फलकावर लागले. पुढे दोन-तीन स्मरणिकांत माझ्या नावाशिवाय छापूनही आले. मलाही ते आवडत असे. कल्याणवरच्या व्याख्यानाचा शेवट मी त्याच वाक्याने करत असे.

अशाच एका व्याख्यानानंतर श्रोत्यांमधले एक वयोवृद्ध गृहस्थ उठले. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक होते. त्यांनी विचारले, "सुएझचा कालवा खुला झाला १८६९ साली. मग तुमचे गलबत भूमध्य समुद्रात शिरले कुठून?"

"प्राचीन काळीही तिथे एक कालवा होता, सर," असे सांगून मी वेळ मारून नेली. टाळ्या पडल्या. सर खाली बसले, पण बसताबसता म्हणाले, "एकदा नकाशा समोर घेऊन बसा."

मी बसलो नाही. सर आज हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला अलेक्झांड्रियापर्यंत जावे लागले, आणि ते उत्तर माझ्या लाडक्या वाक्याच्या विरोधात गेले.

आधी माझ्याविषयी थोडे सांगायला हवे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. मालवाहतुकीच्या एका छोट्या कंपनीत मी गेली तीस वर्षे हिशेब लिहितो. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही, ग्रीक येत नाही. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातले खलाशी-व्यापाऱ्याचे मार्गदर्शक मी शॉफ यांच्या १९१२च्या आणि कॅसन यांच्या १९८९च्या इंग्रजी भाषांतरांतून वाचले. टाळेबंदीनंतर आमच्या कंपनीचे हिशेब घरून करण्याची मुभा मिळाली आणि मनात आले, घरूनच करायचे तर ते घर चार आठवडे अलेक्झांड्रियात का असू नये? मालकांनी हसून परवानगी दिली. गेल्या हिवाळ्यात रम्ल स्थानकाजवळ मी एक खोली भाड्याने घेतली. हिवाळ्यात इजिप्तचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. सकाळी साडेसहाला लॅपटॉप उघडला की कल्याणच्या ऑफिसात दहा वाजलेले असत. बिले, चलने, ताळमेळ दुपारी एकपर्यंत उरकायचा. उरलेला दिवस माझा.

पहिले काही दिवस मी तेच केले जे सगळे प्रवासी करतात. समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्याने चालत कायतबेच्या किल्ल्यापर्यंत जायचो. इसवी सनपूर्व ३३१मध्ये अलेक्झांडरने हे शहर वसवले तेव्हा फारोस हे समोरचे बेट होते. टॉलेमी राजांच्या काळात बेट आणि किनारा यांच्यात सात स्टेडिया लांबीचा बांध घातला गेला, म्हणून त्याचे नाव हेप्टास्टेडियन. त्या बांधामुळे पूर्वेचे आणि पश्चिमेचे अशी दोन बंदरे तयार झाली. बांधाच्या दोन्ही अंगांना शतकानुशतके गाळ साचत गेला आणि आज त्या जागी दाट वस्ती आहे. बेटावरचे दीपगृह इसवी सनपूर्व २८०च्या सुमारास उभे राहिले. चौदाव्या शतकापर्यंत भूकंपांनी ते मोडकळीस आणले. १४७७ साली सुलतान कायतबेने त्याच जागी किल्ला बांधायला घेतला. १९९४ नंतर पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्रतळावर पडलेले प्रचंड दगड आणि पुतळे नोंदवले.

मी किल्ल्याच्या तटावर उभा राहून समुद्राकडे पाहत असे आणि मनात आपली गलबते आणत असे. चौथ्या-पाचव्या दिवशी सरांचे बोलणे आठवले. मोबाइलवर नकाशा उघडला. माझे तोंड उत्तरेला होते. समोर तुर्कस्तान आणि ग्रीस. तांबडा समुद्र, अरबी समुद्र, कोकण हे सगळे माझ्या पाठीमागे होते. भारतातून येणाऱ्या कोणालाही या दीपगृहाचा उजेड समुद्रातून दिसायचा तर आधी आफ्रिकेला वळसा घालावा लागला असता. त्या काळी तो वळसा हा व्यापाराचा मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बिब्लियोथेका अलेक्झांड्रिनामध्ये स्ट्रेबो काढून बसलो. प्राचीन ग्रंथालयाच्या स्मरणार्थ २००२ साली उघडलेले हे नवे ग्रंथालय पूर्वेच्या बंदराजवळच आहे. स्ट्रेबो हा भूगोलकार इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोमनांनी इजिप्त नुकताच घेतला असताना, या शहरात राहिला होता. त्याचे एक विधान आपल्याकडच्या पुस्तकांत नेहमी येते : मायोस होर्मोस या तांबड्या समुद्रावरील बंदरातून १२० पर्यंत जहाजे भारताकडे जातात, पूर्वी टॉलेमींच्या काळी वीससुद्धा धजत नसत. हे मी कितीदा उद्धृत केले होते. पण त्याच ग्रंथाच्या सतराव्या भागात, अलेक्झांड्रियाच्या वर्णनात, दुसरे एक विधान आहे. त्यावरून माझी नजर दर वेळी घसरून पुढे गेली होती. स्ट्रेबो सांगतो की या शहराला दोन बाजूंनी पाणी आहे. उत्तरेला समुद्र आणि दक्षिणेला मरेओटिस नावाचा तलाव. नाईलमधून अनेक कालवे या तलावात येतात आणि त्यांतून होणारी आयात समुद्रातून होणाऱ्या आयातीपेक्षा पुष्कळ मोठी आहे. म्हणून तलावावरचे बंदर समुद्रावरच्या बंदरापेक्षा अधिक श्रीमंत आहे. समुद्राच्या बाजूने माल येतो त्याहून अधिक बाहेर जातो.

म्हणजे शहराला दोन दारे होती. ज्याची चित्रे छापली जातात ते समुद्राकडचे पुढचे दार. आपला माल मात्र मागच्या दाराने येत होता.

तो तिथवर कसा येई, हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या प्लिनीने टप्प्याटप्प्याने लिहून ठेवले आहे. जाताना अलेक्झांड्रियाजवळून नाईलमार्गे कॉप्टोसपर्यंत ३०९ रोमन मैल. वारा अनुकूल असला की १२ दिवस. कॉप्टोसपासून तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदरापर्यंत वाळवंटातून उंटांवर २५७ मैल; पुन्हा १२ दिवस. उन्हामुळे बराचसा प्रवास रात्री. तिथून भर उन्हाळ्यात जहाज निघे, सुमारे ३० दिवसांत तांबड्या समुद्राच्या तोंडाशी येई आणि मग नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर ४० दिवसांत मलबारच्या मुझिरिसला पोहोचे. पेरिप्लसही भारताकडे निघण्यासाठी जुलैचाच महिना सांगतो. असे निघाल्यावर आपल्या किनाऱ्याला लागायला सप्टेंबर उजाडतो. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात लोटणाऱ्या कोळ्याला हा हिशेब वेगळा समजवावा लागणार नाही. परतीचा प्रवास डिसेंबरात किंवा उशिरात उशिरा जानेवारीच्या मध्यापूर्वी, ईशान्येच्या वाऱ्यावर.

इतक्या दक्षिणेला उतरून उंटांचा खटाटोप कशाला, जहाज सरळ सुएझच्या आखातापर्यंत का आणत नसत? कारण तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात जवळजवळ वर्षभर वारा उत्तरेकडून वाहतो. भरलेल्या जहाजाने त्याच्या तोंडावर आठवडे घालवण्यापेक्षा दक्षिणेलाच माल उतरवून उंटांनी नाईलला नेणे आणि मग नदीच्या प्रवाहाबरोबर खाली सोडणे सोयीचे होते.

आता सरांना मी सांगितलेल्या कालव्याविषयी. तो कालवा खोटा नव्हता. नाईल आणि तांबडा समुद्र जोडणारा कालवा इराणच्या डेरियसच्या काळी होता, टॉलेमी दुसऱ्याने तो पुन्हा चालू केला, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट ट्राजननेही. पण तो दोन समुद्र जोडत नव्हता, तर नदी आणि समुद्र जोडत होता. त्यातून आलेला मालही नाईलमध्येच येई आणि तिथून तलावाच्या बंदरावर. माझे उत्तर ऐकायला खरे होते आणि सरांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून चुकीचे होते. मला हे तेव्हा ठाऊक नव्हते असे म्हणून सुटता येईल. पण ठाऊक नाही हे मला ठाऊक होते.

या मार्गाचा सगळ्यात बोलका पुरावा एका फाटक्या पपायरसवर आहे. तो व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असून १९८५ साली प्रथम प्रसिद्ध झाला. अभ्यासक त्याला 'मुझिरिस पपायरस' म्हणतात. दुसऱ्या शतकाच्या मध्यातला हा कर्जाचा करार. विद्वानांनी त्याच्या कायदेशीर बाजूवर खूप लिहिले आहे. माझ्यासारख्या माणसाला तो वाचताना मात्र आमची बिल्टी आठवली. कर्जदार लिहून देतो : माल विश्वासू उंटवाल्याच्या ताब्यात देईन, पहाऱ्यात वाळवंटातून कॉप्टोसच्या सरकारी गोदामात नेईन, तिथे तो तुमच्या शिक्क्याखाली ठेवीन, मग नदीतून खाली अलेक्झांड्रियाला, चौथाई कराच्या गोदामात आणीन आणि तिथेही तो तुमच्याच शिक्क्याखाली राहील. समुद्रावरच्या बंदराचा, दीपगृहाचा त्यात उल्लेख नाही.

'चौथाई' शब्द मी मुद्दाम वापरला. रोमन साम्राज्याच्या पूर्व सीमेवर येणाऱ्या मालावर चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के जकात होती. पपायरसच्या पाठीमागे 'हर्मापोलॉन' नावाच्या जहाजातल्या मालाचा हिशेब आहे : गंगेकडच्या जटामांसीची ६० भांडी, हस्तिदंत आणि इतर माल. बेरीज ११५४ टॅलेंट आणि २८५२ द्राख्मा. एका टॅलेंटचे ६००० द्राख्मा धरले की ६९ लाख २६ हजार ८५२ द्राख्मा होतात. मी तो आकडा दोनदा ताडून पाहिला, सवयच ती. एका जहाजावरच्या मालाची ही किंमत. करार करणाऱ्या दोघांची नावे उरलेल्या तुकड्यात नाहीत. जहाजाचे नाव आणि जकातीचा हिशेब उरला आहे. आपल्याकडे जकात बंद होण्यापूर्वी नाक्यावर ट्रकमागे ट्रक उभे असत आणि पावती फाटल्याशिवाय एकही पुढे सरकत नसे. ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तलावाकाठचे ते गोदाम डोळ्यांपुढे आणायला फार कल्पनाशक्ती लागणार नाही. हा करार केरळच्या मालाचा आहे, आपल्या किनाऱ्याचा नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो. नाहीतर आणखी एक फलक तयार व्हायचा.

हे सगळे वाचून झाल्यावर तलाव पाहणे भागच होते. टॅक्सीवाल्याला मरियूत म्हटल्यावर त्याने वळून माझ्याकडे पाहिले. त्याच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, "तिथे काही नाही. वास आहे." त्याचे बोलणे अर्धे खरे निघाले. नाईलची जी शाखा या तलावाला पाणी देई ती मध्ययुगात गाळाने भरली आणि तलाव आटत गेला. १८०१ साली फ्रेंचांशी लढताना इंग्रजांनी बांध फोडून त्यात समुद्राचे खारे पाणी सोडले. गेल्या शतकात भराव, कारखाने आणि सांडपाणी यांनी उरलेल्याचा आकार आणखी घटवला. मी उतरलो तिथे वेतासारख्या उंच गवतातून अरुंद वाटा पाण्यात शिरल्या होत्या आणि त्यांतून लांबट चपट्या होड्या येत होत्या. पलीकडे धुराडी. एका कोळ्याने टोपली पुढे करून म्हटले, "बुल्टी." मी ऐकले 'बिल्टी' आणि क्षणभर दचकलोच. तिलापिया माशाला तिकडे बुल्टी म्हणतात. मी अर्धा किलो घेतले. माझ्या खोलीच्या मालकिणीने ते तळून दिले आणि कुठून आणले हे कळल्यावर स्वतः मात्र खाल्ले नाहीत.

प्राचीन तलाव-बंदराचे धक्के तिथे दिसत नाहीत. शहर दक्षिणेला वाढले आणि ते त्याच्याखाली गेले. त्या दिशेचा जुन्या शहराचा खूणगाठीचा दगड म्हणजे सेरापिस देवाच्या मंदिराच्या टेकडीवरचा अस्वानी ग्रॅनाइटचा स्तंभ. लोक त्याला पॉम्पीचा स्तंभ म्हणतात. तो उभारला गेला सम्राट डायोक्लेशियनच्या सन्मानार्थ. शेकडो किलोमीटर दक्षिणेच्या अस्वानहून तो अखंड दगडही नाईलवरूनच आणला गेला.

याच टेकडीजवळून जाणाऱ्या महमूदिया कालव्याने मला या गोष्टीचा उत्तरार्ध दिला. मुहम्मद अलीने १८२०च्या सुमारास तो वेठीच्या मजुरांकडून खणून घेतला. हजारो मजूर त्यात मेले. त्याने नाईल पुन्हा अलेक्झांड्रियाला जोडली. १८३० साली मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली आणि मुंबई-लंडन टपालाचा नवा मार्ग सुरू झाला. तो मार्ग असा : मुंबईहून बोटीने सुएझ, सुएझहून वाळवंटातून कैरो, कैरोहून नाईल, नाईलमधून महमूदिया कालव्याने अलेक्झांड्रिया, आणि तिथे पुढच्या दाराने भूमध्य समुद्रात. प्लिनीच्या मार्गात आणि यात फरक एवढाच की वाळवंटाचा टप्पा उत्तरेला सरकला. वाफेला उत्तरेच्या वाऱ्याची पर्वा नव्हती. १८५६ला अलेक्झांड्रिया-कैरो आणि १८५८ला कैरो-सुएझ रेल्वे झाली, तेव्हा नाईल आणि उंट दोन्ही सुटले, पण मागचे दार तेच राहिले. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा उघडला आणि मुंबईचे जहाज पहिल्यांदाच थेट भूमध्य समुद्रात गेले. पण ते गेले पोर्ट सैदवरून; अलेक्झांड्रियाला वळसा घालून. माझ्या वाक्यातले गलबत शक्य झाले तेव्हा त्याला त्या बंदरात शिरण्याचे कारणच उरले नव्हते.

मग आपली माणसे अलेक्झांड्रियात होती की नव्हती? थोडी होती. पहिल्या-दुसऱ्या शतकातला वक्ता डिओ क्रिसोस्टम तिथल्या प्रेक्षागारातल्या भाषणात श्रोत्यांमध्ये इथिओपियन, अरब, पर्शियन आणि 'काही भारतीय' दिसत असल्याचे म्हणतो. त्या 'काहीं'पैकी कोणी कोकणातले किंवा देशावरचे होते का, हे सांगण्यासाठी माझ्या हाती काहीही नाही. आपल्या माणसांच्या खुणा खऱ्या अर्थाने सापडतात त्या दक्षिणेला, बेरेनिकेत. तिथल्या देवळात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. २०२२ साली बुद्धाची संगमरवरी मूर्ती मिळाली. सम्राट फिलिप द अरब याच्या काळातला, म्हणजे २४४ ते २४९मधला संस्कृत लेख मिळाला आणि दुसऱ्या शतकातली सातवाहनांची दोन नाणी मिळाली. महाराष्ट्राच्या इतिहासाच्या दृष्टीने त्या दोन नाण्यांचे मोल दीपगृहाहून जास्त आहे. त्यांच्यासाठी आपण फलक लावलेला मी पाहिला नाही.

कल्याणबाबतही एक दुरुस्ती करायची आहे. पेरिप्लसमध्ये 'कॅलिएना' येते, हे आम्ही कल्याणकर अभिमानाने सांगतो. तिथे नेमके काय लिहिले आहे, ते कमी सांगतो. थोरल्या सारगनसच्या वेळी हे मान्यताप्राप्त व्यापारी बंदर होते. पण सांदनेसच्या ताब्यात आल्यापासून इथल्या व्यापारात अडथळे आले आहेत, आणि चुकून इथे आलेली ग्रीक जहाजेसुद्धा पहाऱ्यात भडोचला नेली जातात. म्हणजे त्या ग्रंथात आमचे गाव आहे ते बंद पडलेल्या बंदराच्या रूपात. पैठणचा गोमेद आणि तेरचे कापड गाड्यांतून वाईट रस्त्यांनी भडोचला जात होते, हेही त्याच ग्रंथात आहे. बंदर पुढे सावरले. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत, आणि सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा लेखक 'कॅलियाना' हे मोठे बंदर असल्याचे, तिथून तांबे आणि कापड निघत असल्याचे लिहितो. हा कॉस्मस अलेक्झांड्रियाचाच व्यापारी होता. दोन शहरांना जोडणारा एखादा धागा हवाच असेल, तर तो हा आहे.

परतण्याच्या आदल्या संध्याकाळी मी पुन्हा किल्ल्यावर गेलो. या वेळी तटाकडे पाठ करून शहराकडे पाहत उभा राहिलो. इमारतींमुळे तलाव दिसत नाही. तरी दिशा बरोबर होती.

कल्याणला आल्यावर त्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटलो. फलक अजून माळ्यावर होता. नव्या प्रदर्शनासाठी मी त्यांना दुरुस्त केलेला मजकूर लिहून दिला आहे. माझ्या जुन्या लेखाचे कात्रण ज्यांच्याकडे असेल त्यांनीही ते वाक्य खोडून असे वाचावे, ही विनंती : 'आपल्या किनाऱ्यावर भरलेला माल तांबड्या समुद्रावर उतरे, उंटांवरून वाळवंट ओलांडी, नाईलमधून मरेओटिस तलावाच्या बंदरात येई आणि चौथा हिस्सा जकात भरून अलेक्झांड्रियात शिरे.'

वाक्य पहिल्यासारखे गोड नाही. पण नकाशा घेऊन बसलेल्या माणसाला ते समजावून सांगता येते.